इमारत की चोपड्या? तालुक्याच्या गावातल्या एका जुन्या थिएटरचं प्रकरण

मी आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचा कार्यवाह आहे. गावातलं जुनं थिएटर विकायला निघालं तेव्हा त्याचा इतिहास गोळा करण्याचं काम आमच्याकडे आलं. खरं तर आम्ही ते अंगावर ओढून घेतलं. त्यात काय साधलं आणि काय कायमचं हातातून गेलं, हे इतर गावांतल्या लोकांना उपयोगी पडेल म्हणून लिहितो आहे. मालक कुटुंबाच्या संमतीने लिहितो आहे. गावाचं, थिएटरचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही.

पार्श्वभूमी

गाव सातारा-सांगली पट्ट्यातलं. या भागात सिनेमा आधी तंबूतून आला. जत्रा भरली की तंबू लागायचा, मधे दोर बांधून एका बाजूला बायका आणि दुसऱ्या बाजूला पुरुष बसायचे, बाहेर ऑइल इंजिन धडधडायचं. मालकांचे आजोबा असाच तंबू घेऊन गावोगाव फिरायचे. पुढे त्यांनी एसटी स्टँडमागची जागा घेतली आणि तिथे पक्कं थिएटर उभं राहिलं. दर्शनी भिंत दगडी, वर सिमेंटमध्ये उठवलेली वेल आणि तिच्याखाली आकडा: १९४७. आत पडद्याजवळ थर्डची बाकं, मागे सेकंडच्या लोखंडी खुर्च्या, वर बाल्कनी, आणि डाव्या हाताला लाकडी फळ्यांचा आडोसा करून लेडीज.

केबिनमध्ये दोन प्रोजेक्टर होते, कार्बनचे. दोन कांड्यांची टोकं जवळ आणून ठिणगी पाडायची आणि त्या उजेडावर सिनेमा दाखवायचा. कांडी जळून आखूड होत जाते, म्हणून ऑपरेटरला सारखं चाक फिरवून अंतर राखावं लागतं. जरा दुर्लक्ष झालं की पडदा पिवळा पडतो आणि खालून शिट्ट्या सुरू होतात. दोन हजार फुटांचं रीळ बावीस मिनिटांच्या आसपास संपतं. ते संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर ठिपका दिसतो, त्याबरोबर दुसरं मशीन सुरू करायचं. आमच्या ऑपरेटरमामांनी हे चाळीसएक वर्षं केलं. आजही टीव्हीवर जुना सिनेमा लागला की त्यांची नजर आधी त्या कोपऱ्याकडे जाते.

सिनेमाची पेटी एसटीच्या टपावरून यायची. मुंबई-पुण्यात चालून चालून घासलेली प्रिंट आमच्याकडे कित्येक महिन्यांनी पोचायची, पण स्टँडवर पेटी उतरताना बघायला पोरं जमायची. दुपारी टांग्यातून कर्णा लावून जाहिरात, हँडबिलांची उधळण, आणि बाजाराच्या दिवशी एक जादा खेळ.

१९७५ साली ‘जय संतोषी माँ’ आला तेव्हा देशभर लोक चपला बाहेर काढून थिएटरात जात होते. आमच्याकडेही तेच झालं, आणि ते नुसतं ऐकीव नाही. त्या दिवसांच्या रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या चोपडीत, खर्चाच्या बाजूला रोज एक ओळ आहे: हार-नारळ. कार्बन, डिझेल, हमाली, हार-नारळ. लेडीजच्या रकान्यातला आकडा स्टॉलच्या, म्हणजे खालच्या बाकं-खुर्च्यांच्या, पुढे गेलेला मला त्याच पानांवर पहिल्यांदा दिसला.

नंतरचं सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. व्हिडिओ पार्लर आली, १९८७ पासून रविवारी सकाळी ‘रामायण’ लागायचं तेव्हा रस्ते ओस पडायचे. १९९१ साली ‘माहेरची साडी’ने ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून बायका आणल्या आणि थिएटर काही वर्षं तरलं. पेट्या बंद होऊन उपग्रहावरून सिनेमा येऊ लागला, म्हणजे मुंबईत लागला त्याच शुक्रवारी आमच्याकडेही. पण तोवर गावातल्या तरुणांच्या मोटरसायकली जिल्ह्याच्या मल्टिप्लेक्सकडे वळल्या होत्या. २०१६ च्या ‘सैराट’ला जादा खेळ लावावे लागले. ती शेवटची गर्दी.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत थिएटर बंद झालं. राज्य सरकारने नोव्हेंबर २०२० मध्ये निम्म्या आसनांवर परवानगी दिली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंदी आली, २२ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा दारं उघडली. आमच्या थिएटरची उघडली नाहीत.

अडचण काय होती

सरळ अडचण पैशाची. सहाशे खुर्च्या आणि खेळाला पंधरा-वीस माणसं. गावात करावर खापर फोडणारे पुष्कळ आहेत. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा शंभरच्या आतल्या तिकिटावर १८ टक्के होता, २०१९ पासून १२ झाला. पण पंधरा माणसांच्या तिकिटावर कर शून्य केला असता तरी वीजबिल निघालं नसतं. थोरले मालक स्वतःच हे सांगायचे.

दुसरी अडचण हिस्सेदारांची. आजोबांच्या तीन मुलांची मिळून सात वारसं, त्यातली दोन परगावी, आणि वाटणीचा वाद जुना. जागा स्टँडमागची, म्हणजे सोन्याच्या भावाची. २०२२ च्या सुरुवातीला विकायचं यावर सगळ्यांचं एकमत झालं. त्या कुटुंबात बऱ्याच वर्षांनी कशावर तरी एकमत झालं होतं.

तिसरी अडचण आमची. या थिएटरचा लिहिलेला इतिहास कुठेच नव्हता. होत्या त्या आठवणी, आणि त्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. उद्घाटन कधी झालं, कोणत्या सिनेमाने झालं, कोणता नट येऊन गेला, याची गावात घरागणिक वेगळी हकिगत होती.

कोणते पर्याय होते

वाचनालयात बैठक झाली. तेवीस माणसं आली; आमच्या वार्षिक सभेलाही एवढी येत नाहीत. चार गोष्टी पुढे आल्या. नगरपालिकेने थिएटर विकत घेऊन नाट्यगृह करावं. बिल्डरने पाडावं, पण वर एक छोटा पडदा ठेवावा. मंगल कार्यालय करावं, म्हणजे निदान भिंती राहतील. आणि चौथी, वाचनालयातल्या आमच्या ग्रंथपाल ताईंची: इमारतीचं काय व्हायचं ते होईल, आधी आतले कागद बाहेर काढा.

त्या चौथ्या सूचनेवर आम्ही पाच मिनिटंसुद्धा बोललो नाही.

नाट्यगृहाची कल्पना सगळ्यांना भावली. निवेदन, सह्या, पालिकेत फेऱ्या, यांत सात महिने गेले. वाईट कोणीच वागलं नाही. पालिकेकडे पैसाच नव्हता आणि हिस्सेदारांना थांबायला वेळ नव्हता. मंगल कार्यालयाला मधला उतार आड आला, तो भरून काढायचा खर्च नव्या बांधकामाएवढा निघाला. वरच्या पडद्याला बिल्डरने हसत ‘बघू’ म्हटलं.

मग तपासणीसाठी इंजिनीअर आले. पडद्यामागच्या भिंतीत त्यांना जुनी, लिंपून बुजवलेली तिरकी भेग सापडली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हाची. भिंत तशी पन्नास वर्षांवर उभी होती, पण सहाशे माणसांना आत बसवायचं तर ती उतरवूनच बांधावी लागेल, असं त्यांनी स्पष्ट लिहून दिलं. इमारत वाचवण्याची आमची बाजू तिथे संपली.

पहिला निर्णय, आणि तो कुठे चुकला

त्या तपासणीसाठी थिएटर साफ करून घेतलं होतं. जिन्याखालच्या खोलीत चोपड्यांचे गठ्ठे होते. साफसफाई करणाऱ्यांना कोणी काही सांगितलेलं नव्हतं. त्यांनी ते रद्दीत दिले.

मला चार दिवसांनी कळलं. ताई आणि मी रद्दीवाल्याकडे गेलो. माल आदल्या दिवशीच ट्रकने गेला होता. दुकानाच्या पायरीवर एका चोपडीचा लाल कापडी पुठ्ठा तेवढा पडलेला होता, आतली पानं गेलेली. थिएटरच्या सुरुवातीपासून १९६१ पर्यंतच्या रोजकीर्दी त्या गठ्ठ्यांत होत्या. उरल्या त्या केबिनशेजारच्या कपाटातल्या, १९६२ पासूनच्या, आणि त्यासुद्धा कपाटाची किल्ली सापडली नाही म्हणून वाचल्या.

सात महिने आम्ही सह्या गोळा करत होतो. त्या काळात एका रविवारी चार माणसांनी जाऊन ते गठ्ठे वाचनालयात आणले असते तर कोणी अडवलं नसतं. थोरल्या मालकांनी तर नंतर विचारलंही, ‘मागितल्या का नाहीत तुम्ही?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसरा निर्णय: चोपड्या उघडायच्या कशा

उरलेल्या चोपड्यांसाठी आम्ही दुसऱ्या दिवशीच गेलो. आता वेगळीच अडचण आली. धाकट्या पातीतल्या एका हिस्सेदाराने हरकत घेतली, की हिशोब बाहेर गेले तर वाटणीच्या दाव्यात ते वापरले जातील. हरकत चुकीची नव्हती. रोजकीर्दीत मधेच घरखर्चाच्या उचली होत्या, कोणी किती नेले ते नावानिशी.

तीन मार्ग होते: हट्ट धरायचा, सोडून द्यायचं किंवा मधला रस्ता काढायचा. गावातल्या वकिलांनी एका पानाचं पत्र तयार केलं. रोजच्या तिकीटविक्रीची आणि खेळाच्या खर्चाची पानं मोबाइलवर टिपायची, उचलीच्या ओळींवर कागदाची पट्टी ठेवायची, मूळ चोपड्या मालकांच्याच घरी राहतील, आणि १९९५ नंतरचं काही टिपायचं नाही. सातही जणांनी सह्या केल्या. कॉलेजची चार मुलं सहा आठवडे रोज संध्याकाळी मालकांच्या ओसरीवर बसून पानं टिपत होती, आणि थोरल्या वहिनी त्यांना चहा देता देता स्वतःच वाचायला बसायच्या. पट्टी कुठे ठेवायची ते शेवटी शेवटी त्याच सांगू लागल्या.

या पानांनी मोठ्या गोष्टी कमी आणि लहान गोष्टी फार सांगितल्या. भूकंपानंतर सलग काही दिवस जमेची बाजू कोरी, आणि फक्त एक खर्च: रात्रपाळी राखणदार. १९७२ च्या दुष्काळात थर्डची तिकिटं पडतील असं मला वाटलं होतं. तशी ती पडली नाहीत. रोजगार हमीच्या पगाराच्या दिवशी उलट वाढलेली दिसतात. त्यावरून मोठा निष्कर्ष काढायला एका थिएटरची चोपडी पुरेशी नाही, पण खडी फोडून आलेल्या माणसाने त्या पैशातून एक तिकीट काढलं, हे त्या पानावर आहे.

केबिनमध्ये रिळांचे चार डबेही मिळाले. इथे मात्र आम्ही घाई केली नाही. जुनी नायट्रेट फिल्म भडकन पेट घेते. २००३ च्या जानेवारीत पुण्यात जतन करून ठेवलेल्या अशाच जुन्या फिल्मचा मोठा साठा आगीत गेला होता. मामांनी डबा अंगणात, उन्हापासून लांब उघडला. व्हिनेगरसारखा आंबट भपका आला. त्यांनी फिल्मची कड बोटांत धरून उजेडाकडे केली, बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाले, ‘सेफ्टी आहे.’ म्हणजे ॲसिटेट. कुजायला लागलेली, पण पेटणारी नव्हे. सिनेमाआधी दाखवाव्या लागणाऱ्या सरकारी वार्तापटांचे ते तुकडे होते. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तिकडेच द्यायचं ठरलं. वाचनालयात ठेवले असते तर एका उन्हाळ्यात चिकटून गेले असते.

तिसरा निर्णय: १५ ऑगस्ट १९४७

दर्शनी भिंतीवर १९४७. कुटुंबात सांगतात, स्वातंत्र्याच्या दिवशी आजोबांनी थिएटर उघडलं आणि गावाला फुकट सिनेमा दाखवला. पालिकेच्या ठरावांच्या वहीत मात्र १९४९ चा ठराव निघाला: सदर जागी तंबूऐवजी पत्र्याचं कायम थिएटर बांधण्यास हरकत नाही. म्हणजे १९४७ साली तिथे थिएटर नव्हतंच.

आमच्यातल्या एकाला हे लगेच छापायचं होतं. मी थांबवलं, कारण थोरले मालक तेव्हा आजारी होते आणि आजोबांचा तो दिवस हा त्यांच्या घराचा सगळ्यात मोठा दागिना होता. पण लपवायचंही नव्हतं. आम्ही वही घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ठराव दोनदा वाचला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, तंबूत दाखवला असेल.

नंतर पेठेतल्या एका नव्वदीच्या आजोबांनी आपणहून सांगितलं, की त्या रात्री तंबूच्या कनाती वर बांधल्या होत्या, म्हणजे बाहेर उभ्या राहिलेल्यांनाही दिसावं. आणि साखर वाटली होती. पुस्तिकेत आम्ही दोन्ही लिहिलं: १५ ऑगस्ट १९४७ ला त्या जागेवर तंबूत फुकट खेळ झाल्याची आठवण दोन घरांत आहे, कायम थिएटरला परवानगी १९४९ ची. कशाला आठवण म्हटलं आणि कशाला कागद, ते वाचणाऱ्याला स्पष्ट दिसेल असं मांडलं.

चौथा निर्णय: पाण्याचा माठ

सगळ्यात कठीण हा. आठवणी ध्वनिमुद्रित करताना एका आजींनी सांगितलं, की त्यांच्या लहानपणी, पन्नासच्या दशकात, तिकीट सगळ्यांना मिळायचं, बाकावर शेजारी कोण बसलंय हे अंधारात कोणी विचारायचं नाही. पण मध्यंतरात दारापाशी माठ असायचा आणि त्यांच्या वस्तीतल्या मुलांना ओंजळीत वरून पाणी ओततील तेवढंच प्यायला मिळायचं. त्यांनी हे रागाने सांगितलं नाही. सिनेमाबद्दल त्या इतकं प्रेमाने बोलत होत्या, की माठाचं वाक्य आलं तेव्हा ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलीला प्रश्न सुचेना.

कुटुंबातल्या काहींचं म्हणणं, हे गाळा. आजोबांनी तिकीट कोणालाच नाकारलं नाही, त्या काळी सगळीकडे तसंच होतं, आता उकरून काय मिळणार? आमच्या समितीतही दोन मतं पडली. पुस्तिकेचा निम्मा खर्च कुटुंब देणार होतं, हेही सगळ्यांच्या मनात होतं, कोणी बोललं नाही तरी.

मी आजींकडे परत गेलो आणि विचारलं, छापू का? त्यांनी उलट विचारलं, मग सांगितलं कशाला? त्यानंतर माझ्यापुरता प्रश्न उरला नाही. समितीत मतदान झालं, पाच विरुद्ध दोन. आजींचं निवेदन जसंच्या तसं गेलं, पुढेमागे आमची टिप्पणी न जोडता. कुटुंबातून एका हिस्सेदाराने आपला वाटा काढून घेतला. तो भरून काढला थोरल्या वहिनींनी, स्वतःच्या बचतगटातल्या पैशातून. त्यांनी कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

निष्पत्ती

२०२३ च्या उन्हाळ्यात थिएटर पाडलं. आज तिथे दुकानं आहेत, वर पडदा नाही. सिमेंटची वेल आणि आकडा असलेला दगडी तुकडा उतरवून देण्याचं बिल्डरने कबूल केलं होतं आणि शब्द पाळला, पण उतरवताना त्याचे तीन भाग झाले. ते वाचनालयाच्या अंगणात आहेत.

एक प्रोजेक्टर भंगारात गेला, दुसरा कॉलेजच्या पदार्थविज्ञान विभागात आहे. भंगारवाला दोन्ही वजनावर मागत होता. मामांनी एकासाठी अट घातली, की चालवता येत नसेल तर निदान उघडा ठेवू नका. काचेची पेटी त्यांच्या समोर बसवली. दर दोन महिन्यांनी येऊन ते तेल देतात आणि मुलांना कार्बनच्या कांड्यांमधलं अंतर बोटांनी दाखवतात.

वाचनालयात आता १९६२ ते १९९५ च्या रोजकीर्दींची छायाचित्रं, अकरा माणसांच्या ध्वनिमुद्रित आठवणी, सत्तर-ऐंशी हँडबिलं, दुकानांच्या जाहिरातींच्या काचेच्या स्लाइड, आणि एक्क्याण्णव पानांची पुस्तिका आहे. हँडबिलं गावातल्या जुन्या छापखान्यात मिळाली. छापखान्याच्या मालकांनी प्रत्येक कामाचा एक नमुना खिळ्याला अडकवून ठेवला होता.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी कपाटं आणि जिन्याखालच्या खोल्या बघायला जाईन. इमारतीचा लढा चालू ठेवूनही हे करता आलं असतं. आम्ही उगाचच दोन्हींतून एक निवडलं.

मुलाखती वयाच्या क्रमाने घेईन. आम्ही सोयीच्या क्रमाने घेतल्या. तिकीट खिडकीवर तीस वर्षं बसलेले काका आमच्या यादीत नवव्या नंबरवर होते, कारण ते मुलाकडे पुण्याला राहत होते. त्यांचा नंबर यायच्या आधी ते गेले. ब्लॅकची तिकिटं, करमणूक कराचे शिक्के, फुकट पास कोणाला द्यावे लागायचे, हे सगळं त्यांच्याबरोबर गेलं.

पैसे घेण्याआधी मजकूर कोण ठरवणार ते लिहून घेईन. माठाच्या वेळी आम्ही टिकलो, पण वहिनी नसत्या तर पुस्तिका अडकली असती.

बायकांशी आधी बोलेन. अकरा मुलाखतींत तीनच बायका आहेत. ज्या थिएटरला दोनदा बायकांच्या गर्दीने तारलं, त्याच्या इतिहासात हे प्रमाण बरोबर नाही. आता ताईंनी ते काम हाती घेतलं आहे, बचतगटाच्या बैठकीनंतर अर्धा तास.

त्यातूनच गेल्या महिन्यात एक वस्तू आली. एका काकूंनी सासूबाईंची पोथी वाचनालयाला दिली. मधल्या अध्यायात खूण म्हणून दुमडलेलं तिकीट होतं, लेडीज, पाच आणे, शिक्का पुसट झालेला. दशमान पैसे १ एप्रिल १९५७ पासून आले, म्हणजे तिकीट त्याच सुमाराचं किंवा आधीचं. रद्दीत गेलेल्या वर्षांतला आमच्याकडे असलेला हा एकमेव कागद. ताईंनी तो त्या लाल पुठ्ठ्यात ठेवला आहे.